कोल्हापुरी घेताना आधी कड बघा, नक्षी मग: चप्पल लाईनीतल्या चार प्रकारच्या जोडांचं परीक्षण

कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत एकाच नक्षीचे दोन जोड शेजारी-शेजारी टांगलेले असतात. एकाचा भाव 600 सांगतात, दुसऱ्याचा 2,500. गिऱ्हाईक मनात म्हणतं, हा बाहेरगावच्या माणसाचा भाव. कधी कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा फरक खराच असतो, आणि तो वेणीत, गोंड्यात किंवा जरीत नसतो. तो तळाच्या कडेला दिसतो. म्हणून या परीक्षणात डिझाईनला मार्क नाहीत. कापशी घ्या, कुरुंदवाडी घ्या, बक्कलनाळी घ्या, ती ज्याची त्याची आवड.

मालाच्या हिशेबानं लाईनीतले जोड ढोबळ चार प्रकारचे. पहिला, तळ आणि पट्टा दोन्ही साल-हिरड्यात (बाभळीची साल आणि हिरडा) कमावलेल्या चामड्याचे, वादीनं म्हणजे चामड्याच्याच दोरीनं शिवलेला. दुसरा, तळ तसाच पण पट्टा क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्याचा. तिसरा, वर-खाली चामड्याचा पातळ पापुद्रा आणि मधे पुठ्ठा. चौथा, उघडउघड रेक्झिन.

साल-हिरडा आणि क्रोम

या दोन कमावण्यांतला फरक कळला की निम्मी खरेदी झाली. कच्चं कातडं ओलं ठेवलं तर सडतं आणि वाळवलं तर फळीसारखं कडक होतं. साल-हिरड्यात कमावताना त्यांतला टॅनिन हा तुरट घटक कातड्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंमध्ये शिरतो आणि त्यांना एकमेकांत बांधतो. मग कातडं सडत नाही आणि वाळल्यावरही वाकतं.

जुनी रीत अशी. म्हशीचं कातडं आधी पाण्यात भिजवतात, मग काही दिवस चुन्याच्या हौदात. चुन्यानं केसांची मुळं सुटतात आणि तंतू फुगून मोकळे होतात. रापीनं केस, मांस, चरबी खरवडायची, चुना धुऊन काढायचा आणि कातडं बाभळीची साल व हिरडा टाकलेल्या पाण्यात सोडायचं. पुढे काही ठिकाणी कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात, आत तेच पाणी भरतात आणि हळूहळू झिरपू देतात. मग पिशवी उलटी करून पुन्हा. सगळं मिळून काही आठवडे जातात. क्रोममध्ये क्रोमियमचे क्षार वापरून फिरत्या ड्रममध्ये हेच काम साधारण दिवसाभरात उरकतं.

साल आणि हिरडा एकत्र वापरण्यालाही कारण आहे. बाभळीच्या सालीतलं टॅनिन चामड्याला घट्टपणा आणि तांबूस रंग देतं; उन्हात ते आणखी गडद होतं. हिरड्याचं पाणी आंबतं, त्या सौम्य आम्लामुळे कातडं फुगतं आणि टॅनिनला आत जायला वाट मिळते. शिवाय हिरड्यानं रंग फिका, पिवळसर राहतो. नव्या कोल्हापुरीचा जो मधासारखा रंग असतो तो या दोघांच्या प्रमाणातून येतो.

बिघडतं कुठे? दोन जागी. पहिल्याच दिवशी कातडं दाट, ताज्या पाण्यात टाकलं तर वरचा थर लगेच कमावला जातो, त्याची तोंडं मिटतात आणि गाभा कच्चा राहतो. म्हणून जाणकार कारागीर आधी जुन्या, पातळ पाण्यात ठेवतो आणि मग चढत्या क्रमानं दाट पाण्यात नेतो. घाई केलेलं चामडं दुकानात ओळखता येतं. कापलेल्या कडेला दोन्ही बाजूंनी तपकिरी आणि मधोमध फिकट, थोडी पारदर्शक अशी रेघ दिसते. हा कच्चा गाभा. असा तळ उन्हाळ्यात लाकूड होतो आणि पहिल्या पावसात फुगून कुजायला लागतो. चांगल्या चामड्याची कड आरपार एकाच रंगाची असते.

दुसरी चूक चुन्याची. तो नीट धुतला गेला नाही तर टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन काळपट डाग पडतात आणि वरचा दाणेदार थर ठिसूळ होतो. पट्टा बोटाभोवती, दाणा बाहेर ठेवून वाकवा. बारीक सुरकुत्या पडून पुन्हा मिटल्या तर ठीक. बारीक चिरा पडल्या तर तो जोड खाली ठेवा.

कातड्याची कुठली जागा कुठे

सेल्समन याबद्दल बोलत नाही, कारण विचारणारं कोणी नसतं. एकाच कातड्यात पाठीचा भाग घट्ट विणीचा, पोटाचा सैल आणि मानेचा सुरकुतलेला असतो. तळाला पाठ हवी. कापण्याआधी तो भाग ओलसर करून ठोकतात; तंतू दाबले जातात आणि झीज कमी होते. पोटाकडचा तुकडा तळाला लावला तर दिसायला तितकाच जाड दिसतो, पण टाचेखाली दोन-तीन महिन्यांत दबून खळगा पडतो. दुकानात असा तळ अंगठ्याच्या नखानं दाबून बघा. पाठीच्या चामड्यावर नखाची फक्त रेघ उमटते, पोटाच्या चामड्यात नख रुततं.

पट्ट्यासाठी तर दिशाही महत्त्वाची. कण्याला समांतर कापलेली पट्टी कमी ताणते, आडवी कापलेली जास्त. पट्टा दोन्ही कानांजवळ धरून ओढा (कान म्हणजे तळातून वर आलेले ते दोन कोपरे, ज्यांना पट्टा शिवलेला असतो). थोडा सैल होऊन परत आला पाहिजे. ओढल्यावर तसाच लांबट राहिला, तर महिन्याभरात पाय पुढे घसरून बोटं तळाच्या बाहेर येणार. 2015 च्या कायद्यानं राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून तळ-पट्टा दोन्हीला म्हशीचंच चामडं जास्त दिसतं. म्हशीचा दाणा भरड, त्यामुळे पट्टा थोडा राकट वाटतो. तो दोष नाही. वेणीला मात्र शेळीचं पातळ चामडं चांगलं. म्हशीची वेणी जाड होते आणि पायाच्या वरच्या हाडाला घासते.

आता जोड

पहिला प्रकार, म्हणजे पूर्ण साल-हिरड्याचा, हाताने शिवलेला: भाव साधारण 2,000 च्या पुढे, नक्षीप्रमाणे वाढता. तो पहिल्या आठवड्यात चावतो, हे आधीच धरून चाला. पण घाम आणि उबेनं हे चामडं मऊ होतं, वाळताना पायाचा आकार घेतं आणि तो सोडत नाही. त्यामुळे दोन महिन्यांनी हाच जोड सगळ्यांत आरामाचा ठरतो. घाम तळात शोषला जातो, पाय चिकट होत नाहीत. वादीची शिवण ही केवळ परंपरा म्हणून जपायची गोष्ट नव्हे. साल-हिरड्याच्या चामड्यात लोखंडी खिळा ठोकला की ओल लागताच लोखंड आणि टॅनिन मिळून निळसर काळा डाग पडतो आणि खिळ्याभोवतीचं चामडं कमजोर होतं. वादी आणि तळ ओलाव्यात सोबत फुगतात, सोबत आकसतात, म्हणून भोकं मोठी होत नाहीत. टाके कडेपासून निदान 4 मिलिमीटर आत हवेत. त्याहून बाहेर असले तर कड फाटते. सगळ्यांत आधी तुटतो तो अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचा फासा. त्याची पट्टी तळातल्या चिरेतून खाली जाऊन शिवणीत अडकलेली असावी, नुसती चिकटवलेली नको.

दुसरा प्रकार: तळ साल-हिरड्याचा, पट्टा क्रोमचा. भाव 1,000 ते 1,800. शुद्धतावाद्यांना आवडणार नाही, पण रोज आठ-दहा तास पायात घालायला आमची पसंती यालाच. क्रोमचा पट्टा पहिल्या दिवसापासून मऊ असतो, भिजला तरी कडक होत नाही, रंगही ठसठशीत धरतो. तोटा एवढाच की तो पायाचा आकार नीट घेत नाही, नुसता सैल पडत जातो. म्हणून घेताना घट्टच घ्यावा. उलट जुळणी, म्हणजे क्रोमचा तळ, कधीच नको: तो स्पंजासारखा दबतो, पाणी पितो आणि कड धरत नाही. ज्यांच्या कातडीला पट्ट्याखाली पुरळ उठतं त्यांनी क्रोम टाळावं. नीट न कमावलेल्या स्वस्त क्रोम चामड्यात क्रोमियमचं त्रास देणारं रूप तयार होऊ शकतं आणि दुकानात ते ओळखायचा उपाय नाही. आक्षेप एकाच गोष्टीवर: हा जोड ‘पूर्ण देशी चामडं’ म्हणून विकणं. ती फसवणूक आहे.

तिसरा प्रकार घेऊ नका. बाहेरून पहिल्यासारखाच दिसतो आणि 700-1,000 ला मिळतो, म्हणून मोह होतो. मधला भर पुठ्ठ्याचा किंवा चामड्याचा भुगा चिकटवून केलेल्या बोर्डाचा असतो. कडेला गडद रंग फासून थर झाकलेले असतात, आणि नेमका हाच रंग संशयाची पहिली खूण. चांगल्या कारागिराला कड झाकायची गरज नसते. तो ती घासून गुळगुळीत करतो. रंग नखानं खरवडा. तंतू दिसले तर चामडं, चुरा किंवा कागदी पदर सुटले तर पुठ्ठा. एका वळवाच्या सरीत हा तळ फुगतो आणि वरचा पापुद्रा सुटा होतो. दुरुस्ती होत नाही, कारण टाका घ्यायला आत काही उरतच नाही.

चौथा, रेक्झिनचा, निदान प्रामाणिक आहे. 300-500 मध्ये लग्नाच्या वरातीपुरता किंवा शाळेच्या गॅदरिंगपुरता चालेल. वरचा थर पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) असेल तर दमट हवेत तो खोक्यात ठेवूनही काही वर्षांत पापुद्रे सोडतो, त्यामुळे ‘पुढच्या लग्नाला’ जपून ठेवण्यात अर्थ नाही.

काउंटरवरच्या कसोट्या

लायटर पेटवून दाखवणं हा लाईनीतला आवडता प्रयोग. केस जळल्यासारखा वास आला की ‘बघा, ओरिजिनल!’ अर्धं खरं. त्या वासानं रेक्झिन वगळलं जातं, पण क्रोमलाही तोच वास येतो. क्षणभराच्या ज्योतीनं त्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा म्हणा, ‘दादा, याचंच कात्रण असेल तर द्या.’ चांगल्या दुकानात कात्रणांची पिशवी असतेच. कात्रण पूर्ण जाळलं तर साल-हिरड्याचं चामडं धुमसत काळा-करडा कोळसा होतं, क्रोमची राख हिरवट करडी पडते, रेक्झिन वितळून टपकतं आणि काळा धूर सोडतं.

यापेक्षा खात्रीची कसोटी घरी करता येते. गंजलेला खिळा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि त्या पाण्याचा एक थेंब कात्रणावर टाका. साल-हिरड्याचं चामडं मिनिटभरात काळं पडतं, निव्वळ क्रोम पडत नाही. जोडावर मात्र हा प्रयोग करू नका, डाग जात नाही.

पाण्याच्या थेंबाची कसोटी पट्ट्याच्या वरच्या बाजूला करण्यात अर्थ नाही. तेल किंवा पॉलिश असेल तर अस्सल चामड्यावरही थेंब गोळा होऊन राहतो. आतल्या बाजूला करा. रंगीत जोड असेल तर ओला पांढरा रुमाल पट्ट्याच्या आतून चार-पाचदा घासा. रुमाल रंगला तर पायही रंगणार.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल: 2019 मध्ये ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून मिळालं. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडचा चांगला जोडही तितकाच अस्सल. आता लिडकॉमनं, म्हणजे राज्य सरकारच्या चर्मोद्योग महामंडळानं, क्यूआर कोडची सोय आणली आहे; कोड असेल तर स्कॅन करून कारागीर आणि मालाची माहिती बघावी. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडनं कोल्हापुरीच्या वळणाच्या सँडल आणल्या, त्यावर गदारोळ झाला आणि नाव आणखी गाजलं. त्यानं चामडं काही बदललं नाही. भाव वाढवून सांगायला एक निमित्त मिळालं, एवढंच.

करकर वाजणाऱ्या जोडाचा आग्रह धरणारे अजून आहेत.  पण त्या आवाजावरून दर्जा ठरत नाही.

खाली रबर लावावं का

डांबरी रस्ता आणि गुळगुळीत फरशी यांच्यासाठी हा तळ बनलेला नाही. ओल्या फरशीवर तो घसरतो, डांबरावर टाचेची बाहेरची कड आधी झिजते. म्हणून 3 मिलिमीटरचं रबर लावून घेणं शहाणपणाचं, पण पूर्ण तळाला नको. पूर्ण रबर सोल्यूशननं चिकटवलं की तळाची घाम सोडायची बाजूच बंद होते, ओल आत अडकते आणि वादीची शिवण खालून सडते. टाचेला एक तुकडा आणि चवड्याखाली एक, मधली कमान मोकळी. आधी चामडं खरखरीत घासून, सोल्यूशन दोन्हीकडे लावून, दहा-पंधरा मिनिटं सुकू देऊन मगच दाबायचं. ओलंच दाबलं तर आठवड्यात सुटतं. आणि रबर लावायच्या आधी तळाला तेल लावू नका, तेलावर सोल्यूशन धरत नाही.

तेल, पाऊस, बुरशी

नवा जोड आणल्यावर पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला मिळून एक चहाचा चमचा तेल बोटानं जिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसून टाका. दुसऱ्या दिवशी गरज वाटली तर अर्धा चमचा. तेल तंतूंमध्ये वंगण म्हणून काम करतं. जास्त झालं की बांधणी सैल पडते आणि पट्टा ताणतो. तिळाचं आणि एरंडेल निम्मं-निम्मं मिश्रण सगळ्यांत बरं: तिळाचं पातळ, आत शिरतं, एरंडेल दाट, टिकून राहतं. खोबरेल चालतं, पण थंडीत थिजून पांढुरकं दिसतं. जवसाचं तेल कधीच नको. ते हवेत सुकून कडक थर धरतं आणि पट्टा तडकतो. पहिले काही दिवस घरात तासाभरापुरताच जोड घाला.

जून ते सप्टेंबर पहिल्या प्रकारचा जोड माळ्यावर ठेवावा. कोल्हापूरच्या पावसात चामडं मिरवण्यात शहाणपण नाही. तरी भिजलाच तर चिखल ओल्या फडक्यानं पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, जोड आडवा ठेवा म्हणजे तळालाही वारा लागेल, आणि पंख्याखाली सावलीत दोन दिवस वाळवा. बोळे दोन-तीनदा बदला. ऊन, चूल, हेअर ड्रायर काही नको. कोरडं चामडं बरीच उष्णता सोसतं, ओलं सोसत नाही. साल-हिरड्याचं ओलं चामडं साधारण 70 ते 85 अंशांच्या दरम्यान आक्रसतं आणि पुन्हा सरळ होत नाही. भर उन्हातही टॅनिन पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन काळपट, ठिसूळ कड बनते. पूर्ण वाळायच्या थोडं आधी पट्ट्याला चार-पाच थेंब तेल द्या.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कापडी पिशवी घ्या. पांढरी भुकटी दिसली की सगळे बुरशी म्हणून घाबरतात, पण हिरड्यातला एक घटक कोरड्या पिवळसर पुडीसारखा वर येतो. ती पुड पुसली की जाते, वास नसतो, काही बिघडत नाही. बुरशी लोकरीसारखी दिसते, कुबट वास येतो आणि पुसल्यावर चार दिवसांत परत उगवते. तिला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, पिळलेल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, मग तेल.

माप

संध्याकाळी माप द्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून बघा: टाचेमागे तळ 5 मिलिमीटर तरी उरला पाहिजे, नाहीतर कड टाचेत रुतते. साल-हिरड्याचा नवा पट्टा इतका घट्ट हवा की करंगळीचं टोकही सहज जाऊ नये. तो नंतर सैल पडतोच. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी अंगठा असलेला जोड घेऊच नये. घासलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

बाहेरगावाहून मागवताना नुसता नंबर कळवू नका, चप्पल लाईनीत नंबर दुकानागणिक बदलतो. जाड कागदावर दोन्ही पाय टेकवून, पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेखा काढा. चवड्याचा घेर टेपनं मोजून त्याच कागदावर लिहा, आणि अंगठा व त्याच्या शेजारचं बोट यांमधली फट कुठे येते तिथे खूण करा. अंगठ्याची चीर त्या खुणेवर पडते. ती 3-4 मिलिमीटर चुकली तर बाकी जोड कितीही चांगला असला तरी अंगठा घासत राहतो, आणि चीर एकदा पाडल्यावर हलवता येत नाही.